कारखान्यातली कुरबूर, अबोला आणि बोलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात होतो. खात्याचं नाव मध्येच एच.आर. झालं, टेबल तेच राहिलं. त्या टेबलावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे दिले आहेत. ऑफिसात काम करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण उदाहरणं शॉप फ्लोअरचीच आहेत, कारण मला तेवढंच नीट माहीत आहे.

सहकाऱ्याशी तीन आठवडे अबोला आहे. आधी बोलायचं कुणी?

ज्याला हा प्रश्न पडला त्याने. म्हणजे तुम्ही.

सुरुवात "मला तुझ्याशी बोलायचंय" अशी करू नका. समोरचा लगेच ढाल पुढे करतो. "त्या दिवशी प्रेसवर आपलं वाजलं, त्यात मी डाय न सांगता काढली हे चुकलं," इतकं नेमकं आणि आपल्याच बाजूचं बोला. (डाय म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा साचा.) त्याची चूक त्याला सांगायला जाऊ नका; बहुतेक वेळा तो स्वतःहून त्यावर येतो, आणि नाही आला तरी तुमचं काम सुरू होतं. जागा म्हणाल तर पाळी सुटल्यावर पार्किंगमध्ये. कँटीन नको. कंपनीच्या बसमध्ये तर नकोच; तिथे मागच्या सीटवर झोपलेला माणूसही जागा असतो.

एक गोष्ट मात्र थांबू शकत नाही. दोघांनी मिळून चालवायची मशीन असेल आणि दोघं बोलत नसतील, तर त्याच दिवशी सुपरवायझरला सांगून एकाला दुसऱ्या मशीनवर टाकून घ्या. "त्याला सांग, डाय सैल आहे" असे निरोप तिसऱ्याच्या तोंडून जायला लागले की बोटं जायची वेळ जवळ आली.

साहेब "बघतो" म्हणाले. याचा अर्थ काय घ्यायचा?

बहुतेकदा "नाही".

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची भीड असते. सुट्टी मागा, पगारवाढ मागा, पाळी बदलून मागा, उत्तर एकच: "बघतो." मागणाऱ्याला ते अर्धं होकारासारखं ऐकू येतं. तो गावी फोन करून सांगतो, येतोय म्हणून. आठ दिवसांनी रजा नाकारली जाते आणि साहेब खोटारडे ठरतात. साहेबांना मात्र वाटत असतं की आपण तर काहीच कबूल केलं नव्हतं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

उपाय साधा आहे. "बघतो" ऐकलं की तिथेच विचारायचं, "मग गुरुवारी चहाच्या सुट्टीनंतर येऊ का?" दिवस ठरला तर खरंच बघणार आहेत. "अरे, बघतो म्हटलं ना" असं आलं तर नाही समजा आणि दुसरी वाट धरा.

"बघतो"चे भाऊबंद पुष्कळ आहेत: "होऊन जाईल", "करून घेऊ", "सांगितलंय त्यांना". मराठीत कर्ता गाळूनही वाक्य छान पूर्ण होतं, म्हणून काम कुणाचं हे कुणालाच कळत नाही. सांगितलंय? कुणी? कुणाला? दर वेळी ही तीन उत्तरं मागितली तर सुरुवातीला तुम्ही खवचट वाटाल. वाटू द्या.

आणि तो "आपण"! "आपण रविवारी येऊन हा लॉट संपवून टाकू." बोलणारे साहेब रविवारी लोणावळ्याला, आणि "आपण" म्हणजे चार ऑपरेटर. खरंच सगळे मिळून करणार असाल तर "आपण" म्हणा. नसाल तर "तुम्ही चौघं या, मी दहा वाजता चक्कर मारतो" असं म्हणा. लोक कुरकुरतील, पण तुमच्या पुढच्या "आपण"वर विश्वास ठेवतील.

पाळी बदलताना रोज वाद होतो. दोन्ही पाळ्यांचे लोक एकमेकांना दोष देतात. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, म्हणून जरा सविस्तर.

आमच्याकडे एका सी.एन.सी. (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर शाफ्ट व्हायचे. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने रात्री इन्सर्ट (कापायचं पातं) बदलला, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) दिला, साईज बरोबर आली, बारा वाजता मशीन बंद करून तो घरी गेला. रात्रपाळी त्या आठवड्यात नव्हती. सकाळी सातला पहिल्या पाळीच्या माणसाने मशीन सुरू केली. रात्री गरम मशीनवर जुळलेला ऑफसेट सकाळी थंड मशीनवर जुळेना, साईज सरकली. क्वालिटीवाल्यांच्या लक्षात येईपर्यंत अडतीस पीस वाया गेले होते. दुपारी दोघं समोरासमोर आले. "तुझ्या सेटिंगमुळे झालं." "तू पहिला पीस का नाही मोजलास?" दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच भांडण मिटेना. तिथून ते एकमेकांच्या गावापर्यंत पोचलं.

मी दोघांना वेगवेगळं विचारलं, की पाळी बदलताना तुमचं बोलणं काय होतं. उत्तर एकच: "मशीन बरी आहे." बस. तीन शब्द. त्याहून जास्त बोलायला वेळच नव्हता. एकाची पाळी साडेतीनला सुटायची, दुसऱ्याची साडेतीनला सुरू व्हायची, आणि बस सुटायची तीन पस्तीसला. माणूस हात धुणार की मशीनबद्दल सांगणार? रात्री तर भेटच नाही, कारण सकाळी येणारा तेव्हा घरी झोपलेला.

आम्ही दोन गोष्टी केल्या. ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलून बस दहा मिनिटं उशिरा सोडली. त्यासाठी मला तीन बैठका घ्याव्या लागल्या, ते वेगळं. आणि प्रत्येक मशीनला एक साधी वही बांधली. तिच्यात पाच गोष्टी लिहायच्या: इन्सर्ट किंवा टूल बदललं का, ऑफसेट बदलला का आणि किती, आवाज किंवा तेलगळती आहे का, कुठला माल अडकून पडलाय, आणि हे कुणाला सांगितलं. सही दोघांची: जाणाऱ्याची आणि येणाऱ्याची. येणाऱ्याची सही महत्त्वाची, कारण सही करायची म्हटलं की माणूस वाचतो.

वाद थांबले का? कमी झाले. पहिले दोन महिने वहीत "सर्व ओके" एवढंच लिहिलेलं असायचं. मग एका सुपरवायझरने "सर्व ओके" लिहायला बंदीच घातली. काही नसेल तर "बदल नाही" लिहा म्हणाला. शब्दाचा फरक किरकोळ वाटतो, पण "बदल नाही" हे खोटं ठरू शकतं, "सर्व ओके" कधीच ठरत नाही.

या अनुभवानंतर कुणी "त्या दोघांचे स्वभाव जुळत नाहीत" म्हणालं की मी आधी बसचं वेळापत्रक मागवायचो.

साहेब सगळ्यांसमोर ओरडतात. उलट बोललो तर नोकरीवर येईल.

त्या क्षणी उलट बोलू नका, आणि हसूही नका. "केबिनमध्ये येऊन सांगतो" म्हणून बाजूला व्हा. दुसऱ्या दिवशी जा. त्याच दिवशी दोघांचंही डोकं तापलेलं असतं. तिथे "तुम्ही माझा अपमान केलात" यापेक्षा "चूक माझी होती, पण मुलांसमोर बोललात, आता लाईनवर ती माझं ऐकत नाहीत, आणि उत्पादन तर मलाच काढून द्यायचंय" हे जास्त लागतं. ओरडणाऱ्या साहेबाला तुमच्या मनाशी घेणं नसेल, पण उत्पादनाशी असतं.

शिव्या असतील तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याने आठवून लिहिलेलं चौकशीत टिकत नाही.

जातीवरून बोलणं हे मात्र "साहेब जरा तापट आहेत"च्या खात्यात टाकू नका. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या माणसाचा लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे "चहा घेऊन मिटवू" म्हणणारा मध्यस्थ तुमच्या बाजूचा नसतो.

मी सव्वीस वर्षांचा, नवीन सुपरवायझर. माझ्या वडिलांच्या वयाचे ऑपरेटर ऐकत नाहीत.

कानामागून आली अन् तिखट झाली, असं ते तुमच्याबद्दल म्हणणार. म्हणू द्या. तुमच्याआधी जो आला त्यालाही म्हणाले होते.

अहो-जाहो सोडू नका, ते तुम्हाला "तू" म्हणाले तरीही. "मामा", "काका" म्हणायला हरकत नाही, पण ज्या दिवशी ओव्हरटाईमला थांबवायचं असेल त्याच दिवशी "मामा" आठवत असेल तर ते त्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं. "हे कसं करायचं?" असं विचारलंत तर परीक्षा सुरू होते. "या मशीनची काय खोड आहे?" असं विचारा. वीस वर्षं एकाच मशीनवर काढलेल्या माणसाला तिच्या खोडी सांगायला आवडतात, आणि त्यातल्या निम्म्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतात.

तुमची जागा आपल्याला मिळेल असं वाटलेला एक माणूस त्या लाईनवर असतोच. शोधून काढा आणि पहिल्याच दिवशी त्याला एकट्याला भेटा. सांत्वन करू नका. "मला तुमची गरज लागणार आहे, आणि तुम्हाला हे आवडलेलं नाही हेही मला माहीत आहे," एवढं म्हणा आणि गप्प बसा.

पहिल्या आठवड्यात नवीन पद्धत आणू नका. त्यांचं एखादं जुनं दुखणं दूर करा. मी पाहिलेल्या एका पोराने तीन वर्षं बंद पडलेला भिंतीवरचा पंखा दुरुस्त करून घेतला. पुढे त्याने रिजेक्शनचे लाल डबे लावायला सांगितले तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

प्रॉडक्शन आणि क्वालिटीचं कायमचं वैर असतं का?

असतं, आणि थोडं असावंही. दोघं फार गळ्यात गळे घालायला लागले तर गिऱ्हाइकाने काळजी करावी.

भाषा तेवढी बदला. "माल खराब आहे" यावर भांडण होतं. "या पेटीतल्या दोनशेपैकी चौदा पीसचा बोर (आतलं भोक) मोठा आहे" यावर माप घेतलं जातं. ओरखडा, रंग, बर (कडेला राहिलेली धातूची कूस) अशा डोळ्यांनी पाहायच्या दोषांसाठी लिमिट सॅम्पल ठेवा: इथपर्यंत चालेल असा एक पीस आणि इथून चालणार नाही असा एक, दोन्हींवर दोन्ही खात्यांच्या सह्या. मग वाद माणसांत न होता त्या पीसशी होतो.

कंत्राटी मुलं बिहार, झारखंड, ओडिशाची आहेत. सांगितलेलं समजत नाही, वर चिडतात.

तुम्ही त्यांच्याशी हिंदीत "तू" म्हणून बोलता का? मराठीत "तू" जवळिकीचं असू शकतं, म्हणून आपला माणूस हिंदीतही सरळ "तू इधर आ" म्हणतो. ज्याच्या घरी लहान मुलालाही "आप" म्हणायची रीत आहे त्याला ती चपराक वाटते. "आप" म्हणायला पैसे पडत नाहीत. "ए बिहारी" तर बंदच करा. त्याला नाव आहे, आणि ते त्याच्या गेटपासवर लिहिलेलं आहे.

"समझा?" विचारलं की "हाँ" येणारच. त्याऐवजी "करके दिखाओ" म्हणा.

आता खरं बोलायचं तर, शेजारच्या मशीनवर तेच काम करणाऱ्या कायम कामगाराचा पगार कित्येक पट असेल तर चिडचिड होणारच, आणि ती गोड बोलून जाणारी नाही. एच.आर.वाले संवादाची प्रशिक्षणं घेतात, मीही घेतली. मुलं ऐकून घेतात आणि मग पगाराच्या चिठ्ठीकडे बघतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज काहीतरी पेटतं.

ग्रुपवर कामाबद्दल लिहा, माणसाबद्दल नको. खराब पीसचा फोटो चालेल, "हे कुणाचं कर्तृत्व?" हे नको. रात्री अकराला व्हॉईस मेसेज नको. चाळीस "ओके सर"खाली मूळ सूचना गाडली जाते, म्हणून ज्याच्यासाठी सूचना आहे त्यानेच उत्तर द्यायचं असं ठरवा. तापलात तर फोन करा. टाईप केलेल्या मराठीत चेष्टा आणि टोमणा सारखेच दिसतात.

एकजण सारखा साहेबांच्या कानाला लागतो.

त्याला धरू नका. कान देणाऱ्याकडे जा: "माझ्याबद्दल काही कळलं तर मला बोलावून विचारा, मी खरं सांगेन." असं दोनदा झालं की चुगलीचा भाव उतरतो.

दोघांत मला मध्यस्थी करायला सांगितलं आहे. एकत्र बसवू का?

आधी नाही. वेगवेगळे भेटा आणि दोघांना एकच प्रश्न विचारा: "उद्या सकाळपासून नेमकं काय वेगळं व्हायला हवं?" "त्याने नीट वागावं" हे उत्तर चालत नाही. "माझं मापाचं गेज माझ्या कप्प्यातून न विचारता घेऊ नये" हे चालतं. दोन्ही याद्या हातात आल्या की मग एकत्र बसा. पूर्वीचं कुणी उकरायला लागलं तर थांबवा. हस्तांदोलन, मिठी, फोटो यांचा आग्रह धरू नका. आपल्याकडे माणसं माफी तोंडाने फारशी मागत नाहीत. समोरच्याच्या चहाचे पैसे देतात. तेवढ्यावर ओळखा.

हाणामारी झाली तर?

आधी वेगळे करा, मग औषधोपचार, मग त्याच पाळीत दोघांचे आणि पाहणाऱ्यांचे जबाब वेगवेगळे लिहून घ्या. "सुरुवात कुणी केली" यावर तिथल्या तिथे निकाल देऊ नका. दबावाखाली लिहून घेतलेली कबुली पुढे उलटते.

लेखी तक्रार कुठे करायची?

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्यात जास्तीत जास्त दहा सदस्य, मालक आणि कामगार दोघांचे सारखेच, आणि अध्यक्षपद दर वर्षी आलटून-पालटून. तक्रारीचं कारण घडल्यापासून एका वर्षात अर्ज करता येतो आणि समितीने तीस दिवसांत काम पूर्ण करायचं असतं. निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं.

एक खाच लक्षात घ्या: देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस या संहितेत "कामगार" ठरत नाही. म्हणजे बरेच सुपरवायझर बाहेर. त्यांची तक्रार वरिष्ठांकडेच, पण तीही लेखी आणि पोच घेऊन.

अर्जात विशेषणं कमी आणि तारखा जास्त ठेवा. "सतत मानसिक छळ" यापेक्षा "या तीन तारखांना, या वेळी, हे शब्द" हे वाचणाऱ्याला बाजूला सारता येत नाही.

बाईमाणसाला त्रास देण्याचं प्रकरण आपसात मिटवावं का?

नाही. आणि "तिचं नाव खराब होईल" असं सांगणारा बहुधा त्याचं नाव जपत असतो.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे: अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती. कंत्राटी, रोजंदारीवरच्या, शिकाऊ अशा सगळ्या जणी यात येतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. चौकशी सुरू असताना तिला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, आणि ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. समेट फक्त तिने मागितला तरच, आणि तोही पैशांच्या देवघेवीवर करता येत नाही.

समितीची नावं नोटीस बोर्डावर आहेत का ते उद्या बघा. आमच्याकडे एकदा यादीतल्या अध्यक्षबाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.

मला "कारणे दाखवा" नोटीस आली आहे. रागाने काय लिहू?

रागाने काहीच नको. मुदतीत उत्तर द्या, वेळ हवा असेल तर मुदत लेखी मागा. ज्या मुद्द्यांवर आरोप आहे त्यांनाच क्रमाने उत्तर द्या, साहेबांचा इतिहास लिहू नका. चौकशी लागली तर आरोपपत्राची प्रत, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायची संधी आणि आपली बाजू मांडायला वेळ हे तुमचे हक्क आहेत. स्थायी आदेश (कामगारांच्या सेवाशर्तींचे लेखी नियम) लागू असलेल्या ठिकाणी चौकशी होईपर्यंत निलंबित केलं तर पहिल्या नव्वद दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के निर्वाह भत्ता मिळतो, आणि पुढचा उशीर तुमच्यामुळे होत नसेल तर ७५ टक्के.

भिशी आणि पतपेढीच्या जामिनावरून भांडण झालं, एच.आर. लक्ष घालेल का?

भिशीत नाही. जामिनाचं म्हणाल तर तुम्ही सही केलेली आहे. कर्ज घेणाऱ्याने हप्ते थकवले तर वसुली जामीनदाराच्या पगारातून होऊ शकते, आणि पतपेढीचं पत्र आलं की पे-रोलवाला तुमची बाजू ऐकत बसत नाही. भिडेखातर जामीन राहिलेली माणसं दर महिन्याच्या पगाराला माझ्या टेबलासमोर उभी असायची. कर्ज घेतलेला सहसा त्या दिवशी रजेवर असायचा.